संपर्क शोधणारी ॲप किती अचूक होती, आणि ते बाहेरून तपासणे इतके अवघड का होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोविडच्या काळात तुमच्या फोनमधले ॲप शेवटपर्यंत 'धोका नाही' असेच दाखवत राहिले आणि तरी तुम्हाला संसर्ग झाला, तोही बहुधा शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सहकाऱ्याकडून. तुमच्या मैत्रिणीला मात्र, ज्या दिवशी ती घराबाहेर पडलीच नव्हती, त्या दिवसाची 'बाधिताच्या संपर्कात आलात' अशी सूचना आली. मग पुढच्या साथीत असे ॲप आले आणि '९० टक्के अचूक, पूर्ण पारदर्शक' असा दावा झाला, तर त्यावर किती विसंबायचे?

मी बरीच वर्षे कमी ताकदीच्या रेडिओ उपकरणांच्या मोजमापाचे काम करते. २०२० मध्ये ब्लूटूथवरून दोन फोनमधले अंतर ओळखण्याच्या चाचण्याही मी केल्या. तुम्ही सांगितलेले दोन्ही अनुभव मला ओळखीचे आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी कारण एकच आहे.

फोनला अंतर कळत नाही. त्याला कळते ती फक्त येणाऱ्या सिग्नलची ताकद. एक फोन सेकंदाला काही वेळा एक छोटा सांकेतिक क्रमांक हवेत सोडतो. दुसरा फोन दर काही मिनिटांनी थोडा वेळ कान देतो आणि जे क्रमांक ऐकू येतील ते ताकदीच्या आकड्यासह नोंदवून ठेवतो. सोडताना सिग्नल किती जोराचा होता आणि पोचला तेव्हा किती उरला, यातल्या फरकावरून ॲप अंतराचा अंदाज बांधते. ही ताकद डेसिबल या एककात मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ती ६ डेसिबलने घटते. हे गणित पक्के आहे, पण ते मोकळ्या जागेपुरतेच.

माझ्या नोंदवहीतली एक साधी चाचणी सांगते. दोन फोन एकमेकांपासून एक मीटरवर टेबलावर ठेवले. दहा मिनिटांची सरासरी उणे ६२ डेसिबलच्या आसपास आली; आकडा जितका जास्त उणे, तितका सिग्नल क्षीण. मग त्यातला एक फोन मागच्या खिशात घातला आणि दुसऱ्या फोनकडे तोंड करून तेवढ्याच अंतरावर उभी राहिले. आकडा उणे ८० वर गेला. म्हणजे १८ डेसिबलची घट, ६-६ चे तीन टप्पे, तीन वेळा दुप्पट. सूत्राच्या हिशेबाने मी आठ मीटर दूर होते. मी फक्त मागे वळले, खिसा त्या फोनच्या दिशेला आला आणि आकडा पुन्हा साठीच्या घरात परतला. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त आणि ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, त्या लहरी हे पाणी भरपूर शोषते.

आता तुमच्या सहकाऱ्याचा फोन मागच्या खिशात आणि तुमचा पलीकडच्या बाजूच्या बॅगेत होता असे धरा. मध्ये दोन शरीरे आली. तुम्ही दिवसभर हाताच्या अंतरावर बसलात, पण ॲपच्या लेखी तुम्ही खोलीच्या दोन टोकांना होता. मैत्रिणीच्या बाबतीत बरोबर उलटे झाले असणार. हलक्या बांधणीची भिंत या लहरींना शरीरापेक्षा कमी अडवते. भिंतीच्या एका बाजूला तिचा फोन रात्रभर चार्जिंगला, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा फोन उशाशी. सिग्नल जोरदार आणि वेळ सात-आठ तास. ॲपला हवा असतो तो 'जवळचा आणि दीर्घ' संपर्क याहून चांगला कुठे मिळणार? भिंतीतून विषाणू जात नाही, हे त्या आकड्यांत कुठेच लिहिलेले नसते. म्हणूनच अमेरिकेत पो-शेन लो यांच्या पुढाकाराने झालेल्या 'नोविड' या ॲपने ब्लूटूथच्या जोडीला माणसाला ऐकू न येणारा ध्वनी वापरला होता, कारण ध्वनी भिंतीपाशी थांबतो. कल्पना चांगली होती, पण त्यासाठी मायक्रोफोनची परवानगी द्यावी लागे आणि लोकांना ती नकोशी वाटणे स्वाभाविक होते.

धातूच्या डब्यात तर सगळेच बिघडते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी २०२० मध्ये ट्रामच्या डब्यात माणसे बसवून, अनेक देशांची ॲप ज्यावर चालत त्या गूगल आणि ॲपलच्या सामाईक यंत्रणेने काय नोंदवले ते मोजले. साधारण निम्म्या जोड्या दोन मीटरच्या आत होत्या. किती ताकदीचा आणि किती वेळचा सिग्नल म्हणजे निकट संपर्क, याचे नियम प्रत्येक देशाच्या ॲपचे वेगळे होते. त्या नोंदींना स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या ॲपचे नियम लावले, तर एकही सूचना निघाली नाही. इटलीचे नियम लावले, तर जवळच्यांपैकी ५० टक्के पकडले गेले आणि लांबच्यांपैकीही ५० टक्के. म्हणजे चिठ्ठ्या टाकून माणसे निवडली असती तरी तेवढेच साधले असते. धातूच्या भिंतींवरून लहरी परावर्तित होतात, कुठे एकमेकींत मिळून जोर धरतात, कुठे एकमेकींना मारतात. त्यामुळे लांबचा फोन कधी जवळच्यापेक्षा ठळक ऐकू येतो. गर्दीची बंद वाहने हे संसर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठिकाण, आणि नेमके तिथेच हे तंत्र सर्वांत कच्चे.

या निष्कर्षावरून 'ब्लूटूथ निकामी आहे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी तसे म्हणणार नाही. एकेका नोंदीवर निकाल देण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, फोनच्या मॉडेलप्रमाणे दुरुस्ती केली आणि माणूस क्षणात आठ मीटर उडी मारत नाही एवढी साधी समज गणितात घातली, तर अंदाज बराच सुधारतो. इंग्लंड आणि वेल्सच्या ॲपसाठी ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी याच दिशेने काम केले. एकाच हाडामांसाच्या माणसाने पाठ फिरवली की चुकणारे मोजमाप शंभर टक्के सुधारत नाही, पण चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा ते नक्कीच बरे होते.

पण हे सगळे फोन ऐकत असेल तर. २०२० च्या पूर्वार्धात आयफोनवर ॲप पडद्याआड गेले आणि फोन लॉक झाला की ब्लूटूथचे काम जवळजवळ थांबत असे. सिंगापूरचे 'ट्रेसटुगेदर' २० मार्च २०२० ला आले. त्याच्या आयफोन वापरकर्त्यांना ॲप पडद्यावर उघडे ठेवायला सांगावे लागले. ऑस्ट्रेलियाचे 'कोविडसेफ' २६ एप्रिलला आले. दोन लॉक केलेल्या आयफोनमधली ओळख त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांत निकृष्ट ठरली होती, हे नंतर सरकारी कागदपत्रांतून बाहेर आले. लोक ॲप उतरवून घेत होते तेव्हा त्यांना ते सांगितले गेले नाही. ७० लाखांहून जास्त लोकांनी ज्यात नाव नोंदवले, त्या ॲपने माणसांच्या चौकशीतून न सापडलेले असे फक्त १७ निकट संपर्क शोधून दिले, असे २०२२ मध्ये ते बंद करताना तिथल्या सरकारने सांगितले. जर्मनीचे 'कोरोना-वॉर्न-ॲप' तांत्रिकदृष्ट्या कितीतरी सरस होते. तरी बॅटरी वाचवणाऱ्या व्यवस्थेमुळे काही अँड्रॉइड फोनवर ते पार्श्वभूमीत चालतच नव्हते, हे जुलै २०२० मध्ये उघड झाले. त्या लोकांच्या पडद्यावर धोक्याची सूचना नव्हती, कारण तपासणीच झाली नव्हती. 'धोका आढळला नाही' आणि 'पाहिलेच नाही' यांना एकच हिरवा रंग देणे, हा मला या ॲपमधला सर्वांत गंभीर दोष वाटतो. तुमच्या बाबतीतही हेच झाले असण्याची शक्यता आहे.

समजा अंतर अगदी अचूक मोजले. तरी संसर्ग कळत नाही. दोन मीटर आणि १५ मिनिटे ही आरोग्य खात्यांनी चौकशीच्या सोयीसाठी आखलेली रेघ होती. अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेने २१ ऑक्टोबर २०२० ला सलग १५ मिनिटांऐवजी २४ तासांत मिळून १५ मिनिटे अशी व्याख्या केली आणि त्या दिवशी 'निकट संपर्क' या शब्दाचा अर्थ बदलला. आधीच्या व्याख्येने 'बरोबर' असलेले ॲप नव्या व्याख्येने चुकीचे ठरले, त्यातली एकही ओळ न बदलता. खोली बंद होती की खिडक्या उघड्या, मास्क होता की नाही, समोरचा गप्प होता की मोठ्याने बोलत होता, यांतले काहीही फोनला कळत नाही.

म्हणून '९० टक्के अचूक' ऐकले की पहिला प्रश्न विचारा: कशात? फोन जवळ आहे हे ओळखण्यात, दोन मीटरच्या आत आहे हे ठरवण्यात, की पुढे बाधित होणारा माणूस शोधण्यात? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि टक्केवारी एकच दिली असेल तर ती बाजूला ठेवा. १,००० भेटींपैकी ५० खरोखर निकट असतील, तर कधीच काही न बोलणारे ॲप ९५ टक्के वेळा बरोबर ठरते! किमान दोन आकडे हवेत: खऱ्या निकट भेटींपैकी किती पकडल्या, आणि दिलेल्या सूचनांपैकी किती खऱ्या होत्या. पहिला वाढवायला गेले की दुसरा सहसा घसरतो. त्यांच्यात कुठे थांबायचे हा निर्णय तंत्रज्ञाच्या एकट्याच्या हातात नसावा. चुकीच्या सूचनेमुळे घरी अडकून कुणाची दहा दिवसांची कमाई जाते आणि राहून गेलेल्या सूचनेमुळे कुणाच्या घरी आजार पोचतो.

ॲपचा विचार करताना वापरकर्त्यांची टक्केवारीही अनेकांना फसवते. भेटीची नोंद व्हायला दोघांकडे ॲप लागते. लोकसंख्येच्या ४० टक्के लोकांनी ते घेतले, तर कोणत्याही दोघांच्या भेटीत दोघांकडे ते असण्याची शक्यता १६ टक्केच. मग रेडिओने ती भेट पकडायला हवी. मग बाधित माणसाने चाचणीनंतर मिळालेला कोड ॲपमध्ये टाकायला हवा, आणि तोही वेळेत. केवळ हिशेबासाठी, रेडिओ दहापैकी सात भेटी पकडतो आणि दहापैकी सहा जण कोड टाकतात असे धरले, तर १६ टक्क्यांचे जेमतेम ७ टक्के उरतात. हा गुणाकार ॲपच्या जाहिरातीत दिसत नाही.

असे असूनही ही ॲप उपयोगाची ठरू शकतात, हे मी ठामपणे सांगते, कारण एका ठिकाणी ते मोजले गेले. इंग्लंड आणि वेल्सचे ॲप २४ सप्टेंबर २०२० ला आले आणि वर्षअखेरपर्यंत साधारण २८ टक्के लोक ते नियमित वापरत होते. त्या काळात सुमारे १७ लाख सूचना गेल्या. सूचना मिळालेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक पुढे बाधित आढळले. हा आकडा माणसांनी फोन करून शोधलेल्या निकट संपर्कांमधल्या प्रमाणाच्या जवळपास होता. मे २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या विश्लेषणाने टळलेल्या रुग्णांचा अंदाज एका पद्धतीने २,८४,००० आणि दुसऱ्या पद्धतीने ५,९४,००० असा काढला. दोन्हींतली तफावत लपवली नाही, म्हणून मला हे काम विश्वासार्ह वाटते. शंभरातले ६ म्हणजे ९४ सूचना 'चुकीच्या' असे मात्र समजू नका. निकट संपर्कातल्या बहुतेकांना तसाही संसर्ग होत नाही.

आता पारदर्शकता. लोक हा शब्द सोर्स कोडपुरता, म्हणजे ॲपच्या मूळ आज्ञावलीपुरता वापरतात. कोड खुला असणे चांगलेच, पण तो फक्त एक पायरी आहे. आपल्याकडचे 'आरोग्य सेतु' २ एप्रिल २०२० ला आले आणि त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड २६ मे रोजी खुला झाला, म्हणजे कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये पोचल्यानंतर. ते ब्लूटूथसोबत जीपीएसची जागाही नोंदवत होते. धोका ठरवण्याचे काम मुख्यतः सर्व्हरवर चालते अशा रचनेत फोनमधला कोड वाचून निकालाचे कारण कळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तर हे ॲप नेमके कुणी बनवले याची माहिती न मिळाल्याने केंद्रीय माहिती आयोगाला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) या सरकारी संगणक संस्थेला नोटीस काढावी लागली. ॲप सरकार आणि खासगी क्षेत्रातल्या स्वयंसेवकांनी मिळून केले, असा खुलासा नंतर सरकारने केला. हाच खुलासा पहिल्या दिवशी ॲपच्या माहितीपानावर असता, तर एवढा अविश्वास साचला नसता.

कोडपेक्षा मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या मर्यादारेषा: किती डेसिबलपर्यंत 'जवळ' म्हणायचे, किती मिनिटे मोजायची, किती दिवस मागे पाहायचे. हे आकडे बहुधा सर्व्हरवरून बदलता येतात. ॲप तेच राहते, वागणूक बदलते. जुलै २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये सूचनांचा पूर आला, आठवड्याला सहा लाखांच्या घरात. तेव्हा पुष्कळांनी ॲप काढून टाकले. ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारने लक्षणे नसलेल्या बाधितांसाठी मागे पाहण्याचे दिवस ५ वरून २ वर आणले, आणि मुख्य म्हणजे ते जाहीर केले. निर्णय बरोबर होता की नाही यावर वाद होऊ शकतो, पण वाद घालता आला तो आकडा समोर होता म्हणून. ट्रामच्या चाचणीत तीन देशांचे नियम लावून पाहता आले, तेही ते नियम बाहेरच्यांना मिळाले म्हणूनच.

खासगीपणा आणि तपासणी यांच्यात एक खरी ओढाताण आहे. संशोधक कार्मेला ट्रोंकोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या, खासगीपणा जपणाऱ्या डीपी-३टी रचनेत, आणि तिच्याच वळणाच्या गूगल-ॲपलच्या यंत्रणेत, भेटींची यादी फोनबाहेर जातच नाही. सांकेतिक क्रमांक दर १० ते २० मिनिटांनी बदलतो, बाधिताने परवानगी दिली की फक्त त्याच्या रोजच्या किल्ल्या, म्हणजे ज्यांपासून ते क्रमांक तयार होतात ते आकडे, सर्व्हरवर जातात आणि जुळणी प्रत्येकाच्या फोनवर होते. कोण कुणाला भेटले हे सरकारला कळत नाही, आणि मला ही रचना मनापासून पसंत आहे. पण मग किती सूचना गेल्या आणि त्यांतले किती बाधित निघाले हेही कुणाला आपोआप कळत नाही. संरक्षण करणारी भिंत अचूकतेच्या हिशेबालाही आडवी येते. यावर उपाय आहे. जर्मनीने २०२१ मध्ये वापरकर्त्यांना स्वेच्छेने निनावी माहिती देण्याची सोय ॲपमध्येच दिली. मला तो मार्ग प्रामाणिक वाटतो, कारण विचारून घेतलेली थोडी माहिती न विचारता घेतलेल्या ढीगभर माहितीपेक्षा जास्त काळ मिळत राहते. रचना कितीही चांगली असली तरी अंमलबजावणी बाहेरच्यांनी तपासलीच पाहिजे. अँड्रॉइडवर हे सांकेतिक क्रमांक फोनच्या सामाईक नोंदींमध्ये उतरत होते आणि आधीपासून बसवलेली काही ॲप त्या नोंदी वाचू शकत होती, हे एप्रिल २०२१ मध्ये ॲपसेन्सस या बाहेरच्या संस्थेने दाखवून दिले.

आणि शब्द पाळणे. सिंगापूरने सुरुवातीला सांगितले होते की ट्रेसटुगेदरची माहिती फक्त संपर्क शोधायला वापरली जाईल. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत उत्तर आले की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांना ती घेता येते. लोक संतापले आणि फेब्रुवारीत कायदा करून तो वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. याउलट नॉर्वेने, माहिती संरक्षण प्राधिकरणाने आक्षेप घेतल्यावर, जून २०२० मध्ये आपले पहिले ॲप थांबवले, साठवलेली माहिती पुसली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या रचनेचे ॲप आणले. कोडच्या बाबतीत कोण किती खुले होते याहून हा फरक मला मोठा वाटतो.

तेव्हा पुढचे ॲप आले तर मी आधी मर्यादारेषा जाहीर आहेत का ते पाहीन, मग बस, ट्राम, कार्यालय अशा ठिकाणच्या चाचण्यांचे निकाल अपयशासकट दिलेत का ते. माहिती कधी पुसणार याची तारीख आणि ती दुसऱ्या कामाला वापरण्यास कायद्याने बंदी आहे का, हे त्यानंतर. सूचना आली तर मी ती पाळेन आणि चाचणी करून घेईन. सूचना आली नाही, तर त्यावरून मी काहीच ठरवणार नाही. लक्षणे असतील तर ती लक्षणेच धरून चालेन.

तुमच्यापुरते एक सांगायचे राहिले. गूगल-ॲपलच्या यंत्रणेवर चालणाऱ्या ॲपमध्ये फोनच्या सेटिंगमध्ये 'एक्सपोजर नोटिफिकेशन' नावाचे पान असे, आणि तिथे मागच्या १४ दिवसांत कोणत्या दिवशी, किती वाजता तपासणी झाली याची यादी दिसे. फार थोड्या लोकांनी ते पान कधी उघडले. त्या यादीत तीन-चार दिवसांचे भगदाड दिसले असते, तर तुमचा हिरवा पडदा कशामुळे हिरवा होता ते तिथल्या तिथे कळले असते. नव्या ॲपमध्ये ती यादी सेटिंगच्या पोटात न ठेवता पहिल्याच पडद्यावर, 'शेवटची तपासणी: इतके तासांपूर्वी' अशी हवी. ॲप बनवणाऱ्यांनी सूचना मागवल्या, तर तुम्हीही हीच मागणी लिहून पाठवा.